बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर

मिरजेला राहणारी माझी आत्या गेली चाळीस वर्षे पहाटे पाचला उठून रियाजाला बसते. सतारमेकर गल्लीत घडवलेला तिचा लाकडी तंबोरा अजून घरात आहे, पण हात आखडू लागल्यापासून तारा जुळवणे तिला झेपत नाही, म्हणून आठ-नऊ वर्षांपूर्वी तिने इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेतला. मागच्या पावसाळ्यात एका पहाटे तिचा फोन आला. "अरे, तानपुऱ्याचा चार्जर बंद पडलाय. दिवाच लागत नाही." झोपेतच मी तिला म्हणालो, "चार्जर नव्हे आत्या, ट्रान्सफॉर्मर गेला असेल. तुमच्या वायरमनदादांना बोलाव आणि बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घालायला सांग."

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना बावीस वर्षे शिकवतो आहे. ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय, हे मी दरवर्षी नव्या तुकडीला फळ्यावर काढून दाखवतो. तरीही त्या पहाटे माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो वर्गातला नव्हता, बाजारातला होता, आणि ज्याच्या कानावर तो पडला त्या माणसाने तो अगदी प्रामाणिकपणे, शब्दशः घेतला.

वायरमनदादा दुपारी आले. भिंतीत खोचायची जुनी काळी पेटी त्यांनी काढून ठेवली, स्वतःच्या पिशवीतला १२ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर एका प्लास्टिकच्या डबीत बसवला, एका बाजूला टू-पिन टॉप आणि दुसऱ्या बाजूला तानपुऱ्यात बसणारी गोल पिन जोडून दिली आणि दिवा लागलेला पाहून ते गेले. त्यांचे काम स्वच्छ होते. जोडांवर टेप नीट गुंडाळलेली होती, वायरीला डबीच्या आत गाठ मारलेली होती, म्हणजे ओढ बसली तरी जोड सुटू नये. सांगितले होते तेच त्यांनी केले होते.

दुसऱ्या दिवशी आत्याचा पुन्हा फोन आला. तानपुरा वाजत होता, पण तिच्या मते त्याच्या खाली "कुणीतरी दुसरेच गुणगुणत" होते. ती काळी चारमध्ये गाते, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज, तिचा सा. तिचे म्हणणे असे होते की, खालून येणारी ती घुं तिच्या षड्जाच्या जवळची आहे, पण षड्ज नाही. थोडी उतरलेली आहे आणि ती मूळ सुरावर सारखी थरथरते. मी फोनवर ते ऐकले आणि लाउडस्पीकर जुना झाला असेल, असे उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे होते आणि तिचे ऐकणे बरोबर होते, हे मला पुढच्या रविवारी कळले. मधल्या काळात, म्हणजे पाचव्या पहाटे, तानपुरा पूर्ण मुका झाला होता.

रविवारी मी मल्टिमीटर घेऊन मिरजेला गेलो. वायरमनदादांनी दिलेल्या डबीची पिन हातात धरून मीटर आधी डीसीवर लावला, तर काटा जागचा हलला नाही. एसीवर लावला, तर १३.४ व्होल्ट दिसले. त्या क्षणी सगळा प्रकार माझ्यापुढे उभा राहिला. तानपुऱ्याला १२ व्होल्ट डीसी हवे होते, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, आत अधिक आणि बाहेर उणे असा ठरलेला पुरवठा. त्याला मिळाले होते ते एसी, सेकंदाला ५० आवर्तने घेणारे, म्हणजे सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारे. यंत्राच्या दाराशी एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग होता, चुकून उलटी पिन लावली तर आतले भाग वाचावेत म्हणून कंपनीने बसवलेला. त्या डायोडने प्रत्येक आवर्तनाचा अर्धा भाग आत घेतला आणि अर्धा अडवला. त्यामुळे यंत्र चालले खरे, पण सेकंदाला ५० वेळा भूक लागून आणि ५० वेळा पोट भरून चालले. ती ५० ची लय आणि तिच्या पटीतले १००, १५०, २०० चे सूर लाउडस्पीकरमधून बाहेर पडत होते.

काळी चारचा मधला षड्ज साधारण २०७ ते २०८ हर्ट्‌झचा. त्याच्या दोन सप्तके खालचा षड्ज ५२ च्या जरासा आत येतो. महावितरणची वीज ५० वर चालते. म्हणजे आत्याच्या षड्जाखाली, हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांतल्या अंतराच्या निम्म्याहून थोडा जास्त उतरलेला एक सूर अखंड चालू होता, आणि २०० चा सूर तिच्या खऱ्या षड्जाशी घासून सेकंदाला सातेक ठोके देत होता. "सारखी थरथरते" हे तिचे वर्णन इतके नेमके होते की, मीटर न लावता केवळ त्यावरून मला निदान करता आले असते. एसी आणि डीसी या शब्दांचा तिला पत्ता नव्हता. तिने त्यातला फरक मात्र कानाने ओळखला होता आणि मला, ज्याला शब्द ठाऊक होते, त्याला ओळखता आला नव्हता.

तानपुरा उघडला तेव्हा बिघाड डोळ्यांनीच दिसला. दाराशी असलेल्या, विजेचा थोडा साठा धरून ठेवणाऱ्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचे सपाट डोके फुगून घुमटासारखे झाले होते आणि त्याच्यावरच्या फुलीच्या खाचेतून तपकिरी द्रव पाझरून वाळला होता. अंगावर १६ व्होल्ट लिहिलेले होते. मीटर एसीचे जे १३.४ दाखवतो ती परिणामी किंमत असते. लाटेचे शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे १९ व्होल्टच्या आसपास जाते. डायोडचा पाऊण व्होल्ट वजा केला, भार पडल्यावरची घट धरली, तरी १६ ची मर्यादा रोज ओलांडली जात होती. चार दिवस त्याने सहन केले, हेच खूप झाले. मी २५ व्होल्टचा कपॅसिटर घातला आणि तानपुरा पुन्हा बोलू लागला.

त्यानंतर मी ती जुनी काळी पेटी फोडली, आणि मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तिथे सापडली. आतला ट्रान्सफॉर्मर पूर्ण शाबूत होता. इंग्रजी ई आणि आय या अक्षरांच्या आकाराच्या, वार्निश दिलेल्या पोलादी पत्र्यांची चळत, तिच्यावर पिवळ्या टेपखाली तांब्याच्या दोन गुंडाळ्या, एक बारीक तारेची आणि अनेक फेऱ्यांची, दुसरी जाड तारेची आणि थोड्या फेऱ्यांची. जाड गुंडाळीवर साडेपंधरा व्होल्ट एसी व्यवस्थित येत होते. त्याच्यापुढे एसीची डीसी करणारा चार डायोडचा पूल होता, तोही ठीक. मग एक कपॅसिटर आणि त्यापुढे व्होल्टेज बाराला बांधून ठेवणारा तीन पायांचा रेग्युलेटर. त्या रेग्युलेटरच्या एका पायाचे सोल्डर उष्णतेने तडकून त्याच्याभोवती केसाएवढी गोल चीर पडली होती. एवढेच. मी ज्याच्यावर आळ घेतला होता तो निर्दोष होता, आणि ज्यांच्यामुळे ती पेटी केवळ ट्रान्सफॉर्मर न राहता डीसी अडॅप्टर झाली होती, त्या बाकीच्या तीन भागांना माझ्या वाक्यात नावच नव्हते.

पूर्वीच्या पेट्यांत वजनाचा बहुतेक भाग ट्रान्सफॉर्मरचाच असे, हातात घेतल्यावर जाणवे ते लोखंडच. त्यामुळे सगळ्या पेटीला त्या जड भागाचे नाव पडले, यात नवल नाही. आपण घराला दार म्हणत नाही, पण गाण्याच्या कार्यक्रमाला बैठक म्हणतो. भाषा असे करते आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. इथे बिघडते, कारण ट्रान्सफॉर्मर या शब्दाच्या मूळ अर्थात एक ठाम अट आहे आणि पेटीच्या अर्थात नेमकी तीच अट उलटते. ट्रान्सफॉर्मरमध्ये एसी जाते आणि एसीच बाहेर येते, फक्त तिचे व्होल्टेज कमी-जास्त होते. डीसी त्यातून पार होऊच शकत नाही.

हे मी मुलांना सांगत नाही, करून दाखवतो. घंटीच्या एका जुन्या ट्रान्सफॉर्मरला बॅटरी जोडतो आणि दुसऱ्या बाजूला बारीकसा प्रवाहही दाखवणारा गॅल्व्हानोमीटर लावतो. बॅटरी जोडताना काटा एकदा उडी मारतो आणि शून्यावर येऊन बसतो. बॅटरी तशीच ठेवली तर काही होत नाही, फक्त तार कोमट होते. बॅटरी काढताना काटा पुन्हा उडतो, यावेळी उलट्या दिशेला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या गुंडाळून नेमके हेच पाहिले होते. चुंबकत्व बदलत असेल तेवढा वेळच दुसऱ्या गुंडाळीत वीज उमटते, स्थिर झाले की थांबते. दरवर्षी एखादा तरी मुलगा काटा परत शून्यावर आलेला पाहून "सर, बॅटरी उतरली" असे म्हणतो, आणि ती उतरलेली नाही हे मीटर लावून दाखवले की वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मला हा धडा प्रिय आहे.

नावांचा गोंधळ या यंत्राच्या जन्मापासूनच त्याच्या मागे लागलेला दिसतो. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला गोलार आणि गिब्ज या जोडीने असे यंत्र पुढे आणले, तेव्हा त्याला त्यांनी दुय्यम जनित्र म्हटले होते, वास्तविक त्यात कसलीच वीज निर्माण होत नव्हती. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी बंद गाभ्याचे व्यवहार्य यंत्र सिद्ध केले आणि त्यांच्याकडून ट्रान्सफॉर्मर हे नाव रूढ झाले. ते नाव चांगले आहे, कारण ते फक्त रूप बदलण्याविषयी बोलते, निर्माण करण्याविषयी नाही.

मराठीत आपण त्याला रोहित्र म्हणतो. "रोहित्र जळाल्याने गाव तीन दिवस अंधारात" हा मथळा ज्याने वाचला नाही असा मराठी वाचक नसेल. हा शब्द मला मनापासून आवडतो. त्यात मला रुह् म्हणजे चढणे हा धातू आणि खनित्र, अरित्र यांतला साधन दाखवणारा इत्र हा प्रत्यय दिसतो. चढवणारे साधन. वीजकेंद्राच्या आवारातले रोहित्र खरोखरच व्होल्टेज चढवते. पण आपल्या ओळखीचे रोहित्र, शेताच्या बांधावर दोन खांबांमध्ये टेकवलेले, ६३ किंवा १०० केव्हीएचे, तेलाने भरलेले आणि पंखांसारख्या नळ्या असलेले, ते ११ हजार व्होल्ट घेते आणि ४३३ वर उतरवते. चढवणाऱ्याचे नाव उतरवणाऱ्याला मिळाले आहे. गावात मात्र त्याला रोहित्र कुणी म्हणत नाही. गावात ती डीपी असते. "डीपी उडाली", "डीपीवर फ्यूज टाकायला गेलाय" असे म्हणताना कधी ट्रान्सफॉर्मर अभिप्रेत असतो, तर कधी त्याच्या खालची फ्यूजची लोखंडी पेटी. हा फरक जिवाशी खेळणारा आहे. खालच्या पेटीचा स्विच पाडला म्हणजे डीपी बंद झाली, असे समजून वर चढलेल्या माणसांच्या हकिगती आमच्या ट्रेडमध्ये प्रत्येकाने ऐकलेल्या असतात. पेटी बंद असली तरी वरचे ११ हजार व्होल्ट जिवंतच असतात. म्हणून माझ्या वर्गात डीपी हा शब्द वापरायला बंदी नाही, पण तो उच्चारला की "वरची की खालची?" हा प्रश्न लगेच यावा, असा माझा आग्रह असतो.

भिंतीतल्या लहान पेटीला तर आपल्याकडे प्रत्येक दशकाने वेगळे नाव दिले. माझ्या लहानपणी ती एलिमिनेटर होती, कारण ट्रान्झिस्टर रेडिओतले सेल तिने वाचवले. बॅटरी एलिमिनेटर हे पूर्ण नाव, म्हणजे बॅटरीची गरज संपवणारा. ते नाव कामावरून पडले होते. बॅटरीतून डीसी येते, तिची जागा घेणारे यंत्रही डीसीच देणार, हे त्या नावातच स्पष्ट होते, म्हणून ते नाव मागे पडल्याचे मला अजून वाईट वाटते. मग अडॅप्टर आला आणि मोबाइल आल्यावर सगळ्याच पेट्या चार्जर झाल्या. आत्याच्या तानपुऱ्यात चार्ज होण्यासारखे काही नाही, तरी तो तिच्यासाठी चार्जर. खरे पाहता मोबाइलच्या बाबतीतही बॅटरी किती वेगाने भरायची आणि कधी थांबायचे, हे ठरवणारे मंडल मोबाइलच्या पोटात असते आणि भिंतीतली पेटी केवळ पुरवठा करते. विजेवरच्या स्कूटरबरोबर मिळणारी पेटी मात्र बहुधा खरीखुरी चार्जर असते, ती बॅटरीची अवस्था पाहून व्होल्टेज आणि प्रवाह आवरते, आणि तिच्या जागी केवळ पिन बसते म्हणून दुसरी पेटी लावणे धोक्याचे असते.

अडॅप्टर हा शब्दही निर्धोक नाही. माझी भाची नोकरीसाठी अमेरिकेला गेली तेव्हा आईने हौसेने मिक्सर बांधून दिला. विमानतळावर तिने अडॅप्टर घेतला. त्याने आपल्या गोल पिना तिथल्या चपट्या भोकांत बसवून दिल्या आणि दुसरे काहीही केले नाही. तिथल्या भिंतीत १२० व्होल्ट, आपला मिक्सर २३० चा. चटणी वाटताना भांडे नुसतेच कण्हत राहिले. तिने व्हिडिओ कॉलवर मला विचारले, "मामा, अडॅप्टर तर लावलाय, मग काय चुकलं?" तिला हवा होता तो व्होल्टेज चढवणारा, मिक्सरच्या वॅटपेक्षा सढळ क्षमतेचा, जड, खरा ट्रान्सफॉर्मर. म्हणजे तिच्या बाबतीत अडॅप्टर म्हणून चुकले आणि आत्याच्या बाबतीत ट्रान्सफॉर्मर म्हणून चुकले. दोघींनाही समोरच्याने मागितले तेच दिले होते.

आता यात आणखी एक थर चढला आहे. आजच्या हलक्या अडॅप्टरात ते जड लोखंड नसते. २३० व्होल्टची एसी आधीच, दारातच डीसी केली जाते, ती ३२५ व्होल्टपर्यंत जाते. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच तिला सेकंदाला कितीएक हजार वेळा, साठ हजार, लाख वेळा तोडतो आणि जोडतो. फॅरडेच्या कड्यावरची ती क्षणभराची उडी, बॅटरी जोडताना आणि काढताना येणारी, तीच इथे इतक्या वेगाने घडवली जाते की, सुपारीएवढ्या फेराइटच्या गाभ्यावर काम भागते. तो सुपारीएवढा भागही ट्रान्सफॉर्मरच असतो. म्हणून "आजकाल अडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो" हे दुकानात ऐकू येणारे वाक्यही खरे नाही. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची वाहिनी आहे, १९९९ पासून चालणारी, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट डीसीची, १५०० मेगावॅट क्षमतेची. "सर, डीसी आहे तर तिथे ट्रान्सफॉर्मर कशाला?" असे एका मुलीने मागच्या वर्षी विचारले, आणि तो त्या वर्षातला सर्वांत चांगला प्रश्न होता. चंद्रपूरच्या टोकाला आधी ट्रान्सफॉर्मर एसीचे व्होल्टेज हवे तेवढे करून देतो आणि मग थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच तिची डीसी करतात. ट्रान्सफॉर्मर आणि डीसी तिथे शेजारी नांदतात, एकमेकांच्या पोटात नाही. आत्याच्या काळ्या पेटीतही हाच क्रम होता.

दुरुस्ती झाल्यावर मी पुण्याला तपकीर गल्लीत नवा अडॅप्टर घ्यायला गेलो. काउंटरवर विशीतला मुलगा होता. मी "१२ व्होल्ट, १ अँपिअर" म्हणताच त्याने एका दमात विचारले, "एसी पाहिजे की डीसी? आत प्लस की बाहेर प्लस? पिन दोन पॉइंट एक की दोन पॉइंट पाच?" त्याने पेटीला काहीही नाव दिले नाही. अडॅप्टर म्हटले नाही, ट्रान्सफॉर्मर म्हटले नाही. गिटारवाल्यांच्या पेडलना बहुधा आत उणे लागते, म्हणून तो प्रत्येकाला विचारतो, असे त्याने सांगितले. एवढे तीन प्रश्न मी आत्याला फोनवर विचारले असते, किंवा तिला जुन्या पेटीवरचे लेबल वाचायला सांगितले असते, तरी पुरले असते. "आउटपुट" या शब्दापुढे १२ व्होल्ट, त्याच्या शेजारी एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ, म्हणजे डीसी. तिथे नागमोडी खूण असती तर एसी. आणि त्याखाली तीन वर्तुळांची ती लहानशी आकृती, आतल्या ठिपक्याला अधिक आणि बाहेरच्या कंसाला उणे जोडलेली. सगळे तिथे छापलेले होते, राखाडी अक्षरांत, मुगाच्या दाण्याएवढे.

वायरमनदादांना मी मुद्दाम भेटून आलो. तुमचे काम बरोबर होते, माझा निरोप चुकला, असे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, मला वाटलंच होतं डायोड लागतील म्हणून. पण तुम्ही शिकवणारे, तुम्ही ट्रान्सफॉर्मर म्हटलं म्हणजे ट्रान्सफॉर्मरच असणार." त्यांच्या पिशवीत डायोड होते.

यंदाच्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात मी ती फोडलेली काळी पेटी टेबलावर ठेवली आणि हिला काय म्हणाल, असे विचारले. फळ्यावर सात नावे आली. ती पुसली नाहीत. प्रत्येक नावासमोर आत काय जाते आणि बाहेर काय येते, हे लिहायला सांगितले, आणि त्यातच दोन तास गेले.

आत्याने नव्या अडॅप्टरला पांढरी पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे, "तानपुऱ्याचा. १२ व्होल्ट डीसी. आत अधिक." पहिल्या पहाटे तिने फोन स्पीकरवर ठेवून मला तानपुरा ऐकवला. काळी चारचा षड्ज एकटा वाजत होता. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "खालचा गेला रे," आणि तिने सूर लावला.